कोनिक्स मल्टिसिस्टिम: दुकानात कधीच न आलेला कन्सोल आतून कसा होता

गेम खेळायचा कन्सोल म्हटलं की टीव्हीखाली ठेवलेला एक डबा डोळ्यासमोर येतो, त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला कंट्रोलर. कोनिक्स मल्टिसिस्टिममध्ये हे दोन वेगळे नव्हतेच. प्रोसेसर, मेमरी, फ्लॉपी ड्राइव्ह सगळं एकाच जाडजूड बेसमध्ये आणि त्याच बेसवर स्टिअरिंग बसवलेलं. तेच स्टिअरिंग थोडं बदललं की विमानाचं योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं हँडल, व्हायचं आणि परत बदललं की मोटरसायकलचं हँडल. फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हे मशीन मांडलं गेलं, ब्रिटिश मासिकांनी पानंच्या पानं लिहिली, तिथल्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी गेम बनवायची तयारी दाखवली, आणि मशीन बाजारात आलंच नाही.

ह्या कन्सोलबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात बहुतेक वेळा स्टिअरिंग आणि त्याच्यासोबत दाखवलेली हलणारी खुर्ची ह्यावरच गाडी थांबते. मला मात्र आतली चिप जास्त महत्त्वाची वाटते, कारण मशीन मेलं तरी त्या चिपमागचा विचार मेला नाही, तो पुढे दोन प्रसिद्ध ठिकाणी पोचला. आणि जुन्या हार्डवेअरमध्ये ग्राफिक्स, मेमरी, साउंड हे एकमेकांशी कसं भांडतात ते समजून घ्यायला मल्टिसिस्टिमइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी थोडी ओळख. कोनिक्स ही साउथ वेल्समधली जॉयस्टिक बनवणारी कंपनी, विन हॉलोवे तिचे संस्थापक. त्यांची स्पीडकिंग नावाची जॉयस्टिक ब्रिटनमध्ये जोरात खपायची, टेबलावर न ठेवता एका हातात धरायची अशी तिची घडण होती, म्हणजे हाताला काय बरं वाटतं ह्याचा विचार ह्या कंपनीत आधीपासून होता. १९८८ मध्ये त्यांनी स्लिपस्ट्रीम नावाने एका मोठ्या कंट्रोलरचं काम काढलं. तेव्हा आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून मोठ्या मशीनवर गेम खेळायच्या ठिकाणी, सेगा कंपनीचं राज्य होतं. १९८५ च्या हँग-ऑनमध्ये बाइकसारख्या सांगाड्यावर बसून अंग झुकवायचं, १९८६ च्या आउट रनमध्ये गाडीत बसून स्टिअरिंग फिरवायचं, १९८७ च्या आफ्टर बर्नरमध्ये कॉकपिटमध्ये बसायचं. बाइकचं हँडल, गाडीचं स्टिअरिंग, विमानाचं योक, मल्टिसिस्टिमचे तीन अवतार बरोबर हेच आहेत, त्यामुळे आर्केडचा तो अनुभव घरात आणायचा हा त्यामागचा हिशोब होता असं मला अगदी स्पष्ट दिसतं.

पण नुसत्या कंट्रोलरने आर्केड घरी येत नाही, तसा वेग दाखवणारं मशीनही लागतं. आणि ते कोनिक्सकडे नव्हतं.

ते होतं केंब्रिजमधल्या फ्लेअर टेक्नॉलॉजीकडे. १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला, आणि आधी सिंक्लेअरमध्ये असलेल्या मार्टिन ब्रेनन, जॉन मॅथिसन आणि बेन चीझ ह्या तीन इंजिनिअरांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. त्यांनी फ्लेअर वन नावाचा प्रोटोटाइप बनवला होता. त्यात झेड-८० प्रोसेसर होता, तोच जो सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरमध्ये होता, म्हणजे बऱ्यापैकी जुना आणि स्वस्त, पण त्याच्या बाजूला त्यांनी स्वतः डिझाइन केलेल्या चिप होत्या आणि खरी ताकद तिथे होती. १९८८ मध्ये कोनिक्स आणि फ्लेअर एकत्र आले, एकाकडे शरीर होतं आणि दुसऱ्याकडे डोकं.

आता ती ताकद म्हणजे नेमकं काय, ते नीट बघू.

मल्टिसिस्टिमच्या एका ग्राफिक्स मोडमध्ये स्क्रीन २५६ बाय २०० ठिपक्यांचा होता आणि एकावेळी २५६ रंग दाखवता यायचे. २५६ रंगांतला कुठला रंग ते सांगायला एक बाइट पुरते, म्हणजे एका ठिपक्याला एक बाइट, आणि २५६ गुणिले २०० म्हणजे ५१,२०० बाइट, बरोबर ५० केबी. हे झालं एक चित्र. गेम हलता दिसायला हवा तर हे चित्र सारखं नव्याने काढावं लागतं, आणि ब्रिटनचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र दाखवतो, म्हणजे अगदी गुळगुळीत हालचाल हवी असेल तर सेकंदाला साडेपंचवीस लाख बाइट इकडून तिकडे हलवायला हव्यात.

हे काम प्रोसेसरला सांगितलं तर काय होतं? कोनिक्सने झेड-८० काढून इंटेलचा ८०८६ घ्यायला लावला. (तो का, ते पुढे सांगतो.) ८०८६ मध्ये मेमरीचा ब्लॉक उचलून दुसरीकडे ठेवायची खास सोय आहे, त्यातही दर दोन बाइटला १७ क्लॉक (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) जातात, म्हणजे आपल्या ५० केबीच्या स्क्रीनला ४,३५,२०० क्लॉक. १९७८ मध्ये ८०८६ पहिल्यांदा आला तो ५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० लाख क्लॉकने, चालायचा, त्या वेगाने सेकंदाला जेमतेम ११ स्क्रीन भरता येतात, आणि तेही प्रोसेसरने दुसरं काहीही न करता, म्हणजे शत्रू कुठे आहे, गोळी लागली का, स्टिअरिंग किती वळलंय, हे काहीच न बघता. प्रोसेसर थोडा जास्त वेगाने पळवला तरी हे गणित फार बदलत नाही.

म्हणून ब्लिटर. ब्लिटर म्हणजे फक्त चित्रांचे तुकडे हलवण्यासाठी बनवलेलं सर्किट. प्रोसेसर त्याला एवढंच सांगतो की अमुक ठिकाणी इतक्या लांबी-रुंदीचं चित्र आहे ते तमुक ठिकाणी टाक, ह्या रंगाचे ठिपके सोडून दे म्हणजे मागचं दिसेल, आणि मग ब्लिटर ते काम स्वतः करतो. त्याला प्रत्येक पायरीला नवीन सूचना वाचावी लागत नाही, सूचना चिपच्या वायरिंगमध्येच आहेत, म्हणून तो इतका वेगवान. कमोडोर कंपनीच्या अमिगा कॉम्प्युटरमध्येही ब्लिटर होता आणि अमिगाचे गेम तेव्हा इतके भारी का दिसायचे त्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. फरक हा की १९८९ मध्ये अमिगा ५०० ब्रिटनमध्ये ३९९ पौंडांना मिळायचा, आणि मल्टिसिस्टिम २०० पौंडांच्या आसपास विकायचा बेत होता. अर्ध्या किमतीत त्याच तोडीचं चित्र, हे त्या चिपमुळे शक्य होतं.

रंगांबद्दल एक छोटी गोष्ट. फ्लेअर वनमध्ये एकूण २५६ च रंग होते, कोनिक्सने ते ४०९६ करून घेतले. म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रत्येकाच्या १६ पायऱ्या, १६ गुणिले १६ गुणिले १६. एका वेळी दिसणार २५६ च, पण कुठले २५६ ते गेम बनवणाऱ्याने ४०९६ मधून निवडायचे, त्यामुळे संध्याकाळचं आकाश दाखवायचं असेल तर केशरी-जांभळ्याच्या भरपूर छटा घेता येतात. मेमरी तेवढीच लागते आणि चित्र कितीतरी चांगलं दिसतं, अशा बदलाला कोण नाही म्हणेल.

तिसरा भाग डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर. नावाला हा आवाजासाठी होता, स्टीरिओ साउंड तोच तयार करायचा. पण डीएसपीची खरी खासियत म्हणजे गुणाकार. आवाजाच्या लहरी मिसळायच्या म्हणजे सारखं गुणायचं आणि बेरीज करत जायचं, त्यामुळे हे सर्किट गुणाकारात अतिशय जलद असतं. आता थ्रीडी गेममध्ये काय लागतं? एखादा बिंदू अवकाशात फिरवायचा म्हणजे नऊ गुणाकार आणि थोड्या बेरजा. ८०८६ ला एका १६ बिट गुणाकाराला ११८ हून जास्त क्लॉक लागतात, म्हणजे एका बिंदूला हजाराच्या वर, आणि साध्या विमानाच्या आकृतीतही असे पंचवीस-तीस बिंदू सहज असतात. तेच गणित डीएसपीकडे दिलं की प्रोसेसर मोकळा. १९८९ मध्ये घरच्या २०० पौंडांच्या मशीनमध्ये असं काही असणं हे खरंच पुढचं पाऊल होतं, त्या वेळच्या निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलमध्ये ह्यातलं काहीच नव्हतं, आणि मला हे मशीन आवडण्याचं सगळ्यात मोठं कारण हा डीएसपी आहे.

मग अडचण कुठे होती? मेमरीत.

सुरुवातीला मशीनमध्ये १२८ केबी रॅम द्यायचं ठरलं होतं, कारण रॅम महाग. १९८८ च्या सुमारास जगभर मेमरी चिपची टंचाई होती आणि भाव चढलेले होते, त्यामुळे किंमत कमी ठेवायची तर पहिली कात्री तिथेच लागणार. पण आता हिशोब करा. स्क्रीन ५० केबीचा. गेममध्ये चित्र लुकलुकू नये म्हणून दोन स्क्रीन ठेवतात, एक टीव्हीवर दिसत असतो आणि तेवढ्यात दुसरा मागे काढला जात असतो, तो पूर्ण झाला की अदलाबदल. म्हणजे १०० केबी गेले. उरले २८ केबी, त्यात गेमचा सगळा प्रोग्रॅम, सगळ्या गाड्यांची आणि झाडांची चित्रं, ट्रॅक, आवाज. हे होणारच नाही, आणि प्रोग्रॅमर लोकांनी तशी तक्रार केली, मग रॅम २५६ केबी केली गेली. हा बदल शंभर टक्के बरोबर होता. पण त्याने किंमत वाढली आणि वेळही गेला.

८०८६ चं कारणही मेमरीशीच जोडलेलं आहे असं म्हणता येईल. झेड-८० ला एका वेळी फक्त ६४ केबी मेमरी थेट दिसते, त्यात ५० केबीचा एक स्क्रीन बसवला की बाकी सगळ्याला १४ केबी. त्याहून जास्त हवं तर मेमरीचे तुकडे आळीपाळीने समोर आणावे लागतात, ते करता येतं पण त्रासाचं असतं. ८०८६ ला एक एमबीपर्यंत पोचता येतं. आणि शिवाय पीसीवर काम केलेले प्रोग्रॅमर भरपूर होते, त्यांना नवीन भाषा शिकायची गरज नव्हती.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो बहुतेक लेखांत येतच नाही. प्रोसेसर, ब्लिटर, डीएसपी आणि टीव्हीवर चित्र पाठवणारं सर्किट हे सगळे एकाच रॅममधून वाचतात आणि त्यातच लिहितात. आणि त्या रॅमकडे जायचा रस्ता, ज्याला बस म्हणतात, तो एकच. चाळीत मजल्यावर एकच नळ असतो आणि सगळ्यांना सकाळी त्याच वेळी पाणी हवं असतं, तसंच हे. टीव्हीचं सर्किट थांबू शकत नाही, ते थांबलं तर चित्र फाटेल, म्हणून त्याचा नंबर कायम पहिला. मग ब्लिटर मोठं चित्र हलवत असला की प्रोसेसरला वाट बघावी लागते. कागदावर तीन हुशार कामगार दिसतात, प्रत्यक्षात तिघंही एकाच वेळी पूर्ण वेगाने काम करतात असं फार कमी वेळा होतं. आणि रॅमचा एकच गट ठेवण्याचं कारण परत तेच, पैसे. प्रत्येकाला वेगळी रॅम द्यायची तर चिप वाढतात, सर्किट बोर्ड मोठा होतो, २०० पौंडांत काही बसत नाही. स्वस्त मशीन बनवणाऱ्या इंजिनिअरने ही तडजोड केली तर मी त्याला दोष देणार नाही, पण गेम लिहिणाऱ्याला ती रोज सोसावी लागते हेही खरं.

ह्यात आणखी भर घातली फ्लॉपीने. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या ज्या कॅसेट मिळायच्या, त्या म्हणजे आत रॉम चिप असलेली कार्ट्रिज. कार्ट्रिज बनवायला महाग, आणि ती आधीच हजारोंनी ऑर्डर करून पैसे भरून ठेवावी लागायची, गेम पडला तर तो सगळा माल अंगावर. फ्लॉपीची कॉपी काढायला कितीतरी कमी खर्च येतो, आणि गेम चालला तर पटकन आणखी काढता येतात. म्हणून कोनिक्सने ८८० केबीची साडेतीन इंची फ्लॉपी घेतली, तीही खास वेगळ्या प्रकारची, म्हणजे घरी बसून सहज कॉपी होऊ नये. गेमची किंमत १५ पौंडांच्या आसपास ठेवता येणार होती, आणि ब्रिटनमधल्या सॉफ्टवेअर कंपन्या मशीनवर एवढ्या खूश का होत्या ते इथे कळतं, निन्टेंडोच्या कार्ट्रिजच्या अटी आणि खर्च त्यांना नको होते.

पण तांत्रिक बाजूने बघितलं तर फ्लॉपीची एक मोठी किंमत आहे. कार्ट्रिजमधला प्रोग्रॅम प्रोसेसर थेट तिथूनच वाचतो, तो रॅममध्ये आणायची गरज नसते, त्यामुळे कार्ट्रिजवाल्या कन्सोलला अगदी थोडी रॅम पुरते. फ्लॉपीतून मात्र सगळं आधी रॅममध्ये चढवावं लागतं. म्हणजे कमी रॅम आणि फ्लॉपी ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. २५६ मधून दोन स्क्रीनचे १०० केबी काढले की उरतात १५६, आणि फ्लॉपीवर ८८० केबी आहे तरी एका वेळी त्यातलं १५६ केबीच वापरता येणार. माझ्या मते ह्या मशीनच्या डिझाइनमधली सगळ्यात कमजोर जागा हीच होती, खुर्ची किंवा स्टिअरिंग नाही.

खुर्चीचं सांगायलाच हवं, कारण सगळे विचारतात. पॉवर चेअर म्हणून मोटरवर हलणारी खुर्ची दाखवली होती, गेममध्ये गाडी वळली की खुर्चीही झुकणार, आणि सोबत गोळी झाडल्यावर हाताला धक्का देणारी लाइट गनही. हे सगळं वेगळं विकत घ्यायचं होतं, कन्सोलसोबत मिळणार नव्हतं. प्रदर्शनात लोकांनी खुर्चीभोवती गर्दी केली आणि फोटोही तिचेच जास्त छापून आले.

मग बुडालं कशामुळे? ऑगस्ट १९८९ मध्ये मशीन बाजारात आणायचं ठरलं होतं. पण वर जे बदल सांगितले, प्रोसेसर बदलला, रंग वाढवले, ब्लिटरची कामं वाढवली, रॅम दुप्पट केली, आणि फ्लेअरच्या वेगवेगळ्या चिप मिळून थोड्या चिपमध्ये बसवायच्या, ह्यातला प्रत्येक बदल चिपच्या डिझाइनपर्यंत पोचतो. सॉफ्टवेअरमध्ये चूक निघाली तर दुपारपर्यंत दुरुस्त होते. चिपमध्ये निघाली तर नवीन डिझाइन कारखान्यात पाठवा, नवीन नमुना यायची वाट बघा, तो तपासा, आणि तोवर पगार, भाडं, जाहिरात सगळं चालूच. मोठी कंपनी हे सोसते कारण दुसरीकडून पैसा येत असतो. कोनिक्सकडे फक्त जॉयस्टिकचा धंदा होता. तारीख पुढे पुढे सरकत गेली, १९८९ चा ख्रिसमस हातून गेला, आणि खेळण्यांच्या धंद्यात ख्रिसमस गेला म्हणजे वर्ष गेलं. पैसे उभे करायला कोनिक्सने शेवटी आपल्या जॉयस्टिकचे ब्रिटनमधले विक्रीचे हक्कसुद्धा स्पेक्ट्राव्हिडिओ कंपनीला विकले, म्हणजे ज्या धंद्यावर कंपनी उभी होती तोच. तरी पैसे पुरले नाहीत. तिकडे सेगाची मेगा ड्राइव्ह (त्यांचा नवा कन्सोल) जपानमध्ये ऑक्टोबर १९८८ लाच आली होती, ऑगस्ट १९८९ मध्ये ती अमेरिकेत पोचली, युरोपात येणार हेही उघडच होतं. गेम बनवणाऱ्यांनी हळूहळू काम थांबवलं आणि प्रोजेक्ट संपला.

म्हणजे मशीन वाईट होतं म्हणून नाही मेलं. मला हे ठासून सांगावंसं वाटतं कारण रद्द झालेल्या कन्सोलकडे लोक फसवणूक किंवा वेडेपणा म्हणून बघतात, आणि इथे तसं अजिबात नव्हतं, चालणारे प्रोटोटाइप होते, चालणारे गेम होते, खरी चिप होती.

आणि ती माणसं पुढे गेली. बेन चीझ अर्गोनॉट कंपनीसोबत सुपर एफएक्स चिपवर काम करायला गेले, तीच चिप जी निन्टेंडोच्या १९९३ च्या स्टार फॉक्सच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेली होती आणि जिच्यामुळे सुपर निन्टेंडोवर थ्रीडी विमानं उडाली. मुख्य प्रोसेसरला जमत नाही ते गणित बाजूच्या चिपला द्यायचं, हे आपण वर पाहिलंच आहे. ब्रेनन आणि मॅथिसन ह्यांनी अटारी कंपनीसाठी जॅग्वार हा कन्सोल बनवला, नोव्हेंबर १९९३ मध्ये तो आला. जॅग्वारच्या दोन मुख्य चिपची नावं टॉम आणि जेरी, टॉममध्ये ब्लिटर आणि ग्राफिक्सचा प्रोसेसर, जेरीमध्ये डीएसपी. मल्टिसिस्टिमचं हार्डवेअर माहीत असलेल्या माणसाला जॅग्वारचा आराखडा बघताना एकदम ओळखीचं काहीतरी दिसतं, तेच कुटुंब, फक्त कितीतरी मोठं झालेलं.

दुखणंही तेच राहिलं. जॅग्वारमध्ये २ एमबी मुख्य रॅम, आणि तिच्यावर परत सगळ्यांची गर्दी. ह्यावर इंजिनिअरांनी एक उपाय केला होता, ग्राफिक्स प्रोसेसरला चिपच्या आतच ४ केबी आणि डीएसपीला ८ केबी अशी स्वतःची छोटी मेमरी दिली, म्हणजे आपला प्रोग्रॅम तिथे ठेवून रॅमच्या बसला हात न लावता ते काम करू शकत होते. त्यामुळे जॅग्वारवर चांगले गेम लिहिणाऱ्यांची पद्धतच ठरून गेली की मशीनमधला ६८००० प्रोसेसर जमेल तेवढा गप्प ठेवायचा, कारण तो जागा असला की बस अडवतो, आणि सगळं काम त्या ४ आणि ८ केबीत कोंबायचं.

ह्या पद्धतीत तरबेज झालेल्यांत जेफ मिंटर हे पहिलं नाव. मिंटर स्वतः वेल्समध्ये राहणारे, आणि १९८९ मध्ये ते मल्टिसिस्टिमसाठी अटॅक ऑफ द म्युटंट कॅमल्स नावाचा गेम बनवत होते, मशीनसोबत तोही अडकला. पुढे चाहत्यांनी मल्टिसिस्टिमचा इम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर त्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहिला म्हणून त्या काळातलं थोडंफार काम आज चालताना बघायला मिळतं, आणि स्क्रीन भरून चित्रं हलताना बघून ब्लिटर काय करत होता ते लगेच कळतं. १९९४ मध्ये मिंटर ह्यांनी जॅग्वारवर टेम्पेस्ट २००० आणला, म्हणजे फ्लेअरच्या त्याच लोकांच्या पुढच्या चिपवर, आणि आज कुणी जुना जॅग्वार शोधून विकत घेत असेल तर बऱ्याचदा तो ह्या एका गेमसाठी घेत असतो.